हरवलेल्या वहाणा

नवी पेठ, सोलापूर
ता. ९ डिसेंबर १९३१

चि. एकनाथास गोदाक्काचे आशीर्वाद. इकडे सारे खुशाल. केमची थंडी सोसते ना? स्टेशनातली नोकरी, रात्रीचं जागरण. कानाला काहीतरी गुंडाळत जा. तू ऐकणार नाहीस, तरी लिहिते.

आता एक नवल ऐक. आमच्या घरात वहाणा नाहीशा होऊ लागल्या! आधी तुझ्या भावजींची गेली. मग पाहुण्यांची. शेजारची काशम्मा बसायला आली नि अनवाणी परतली. "अक्का, तुमच्या घरात भूत हाय की काय वो? त्येला एकच पाय दिसतोय!" म्हणून हसत सुटली. कारण जायची ती दरवेळी एकच. मला मेलं चैन पडेना. कुत्रं म्हणावं तर ओढल्याची खूण नाही. चोर म्हणावा तर एक वहाण नेऊन करतो काय?

शेवटी दाराआड पाळत ठेवली. तर कोण? तुझी दुर्गी! पाहुण्यांची वहाण परकराच्या ओच्यात घालून न्हाणीमागं निघालेली.

मी ओरडले नाही. माझ्या जिभेला हे किती जड गेलं असेल, तुला ठाऊक. म्हटलं, "अगं, नेतेस ती एकच का?"

"एका वहाणेनं कुणाला जाता येत नाही ना, आत्या."

तिच्या आईला दवाखान्यात नेलं तेव्हा ही झोपलेली. तू केमला गेलास तेव्हाही झोपलेली. पोर रडेल म्हणून आपल्याकडे सगळेच डोळा चुकवून निघतात. पण हल्ली ती झोपायलाच भिते, माझा पदर मुठीत धरून पडते. इतके दिवस हे तुला लिहीत नव्हते.

मग म्हटलं, सांगून जाऊन तर पाहू. तिच्याच हातून वहाणा मागून घेतल्या, "येते हं" म्हटलं नि काशम्माच्या दारापर्यंत गेले. पोरीनं आकांत मांडला. परत आले तर माझे पाय चाचपून बघते! मग भाजीबाजार, मग सात रस्ता. परवा मला म्हणाली, "तू गेलीस की रडू येतं. मग मी दारात बसून टांग्यांचे घोडे बघते. पुढचा पांढरा येतो का तांबडा? बघता बघता रडायचं राहून जातं." हे मी नाही हो शिकवलं. तिचं तिनंच शोधलं.

आईचंही विचारलं तिनं. "आई येते म्हणाली होती का?" मी खरं ते सांगितलं, ती वारली, आता येणार नाही. दोघी खूप रडलो. मग दुर्गीनं दूधभात मागून खाल्ला.

आता तुझं. येतो येतो लिहितोस नि येत नाहीस. तिच्याकडे बघवत नाही तुला, मला कळतं. तरी ये. आणि जाशील तेव्हा ती जागी असताना जा. रडली तर रडू दे.

आणखी एक. तू गेलास त्या रात्री तुझी एक वहाण सापडेना, म्हणून भावजींचे जुने बूट घालून गेलास, आठवतं? काल बंब पेटवायला गोवऱ्या काढल्या, तर राशीत अगदी तळाशी निघाली. त्या दिवशी झोपायच्या आधीच लपवली होती रे तिनं.

पुसून कोनाड्यात ठेवायला गेले, तर माझ्या हातून काढून घेतली. म्हणाली, "बाबा मला सांगून जाणार असेल, तर मीच देईन त्याला."

दोघींचे डोळे दाराकडे आहेत.

तुझी,
गोदाक्का