तोंडपाठ तक्ता

३ फेब्रुवारी

आले एकदाची! ताईने दारातच मिठी मारली आणि लगेच बॅग हिसकावून घेतली, जणू मी परतीची गाडी पकडणार होते. खाली चष्म्याचं दुकान, त्यामागे डोळे तपासायची लांबट, अंधारी खोली आणि वर आमचं घर. भावजी गेल्या वर्षी घर सोडून गेले, तेव्हापासून ताई एकटीच दुकान ओढते आहे. आई गेल्यावर तिनेच मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. डोळे तपासायचा कोर्सही तिनेच करायला लावला. आता तिच्या हाताखाली काम करायचं. हाताखाली म्हणजे अगदी खरोखर, कारण माझी वेणी घालायचा हट्ट तिने अजून सोडलेला नाही.

दुकानात काकूही असतात. त्या आमच्या कोणी नात्यातल्या नाहीत. पूर्वी इथे मी आता करते तेच काम करायच्या आणि नजर गेल्यावर इथेच राहिल्या. दिवसभर कोपऱ्यात बसून काचा पुसतात, अंगठा फिरवून चरे शोधतात. ताई त्यांना स्वतः जेवायला वाढते, वर आग्रहही करते. माझी बहीण म्हणजे सोनं आहे नुसतं.

१९ फेब्रुवारी

कामाने नाकी नऊ आणलेत, पण मजा येते. आज एक मास्तर तणतणत आले, म्हणे नवा चष्मा चालतच नाही. दोन्ही काचांवर तेलकट बोटं! पुसून दिल्यावर म्हणाले, आता कसा बरोबर नंबर दिलात. एका आजोबांना मोतीबिंदू आहे म्हणून सांगितलं तर माझ्यावरच उखडले, जणू मीच तो त्यांच्या डोळ्यात नेऊन ठेवला. येईल त्याच्यापुढे मी तीच टेप वाजवते: डोळे चोळू नका, मोबाइलवरून मधूनमधून नजर काढा, कोणी दिले म्हणून कसलेही थेंब घालू नका.

माझेच डोळे मात्र आल्यापासून खाजताहेत. ताई म्हणाली, काचा घासण्याच्या मशीनची धूळ असेल. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब घातले. काय गार वाटलं! खाज गायबच. बाटलीवर लेबल नव्हतं म्हणून कसले ते विचारलं, तर तिने तोंड एवढंसं केलं. बहिणीवरही विश्वास नाही का, म्हणाली. मला फार लाज वाटली.

११ एप्रिल

थेंब सकाळ-संध्याकाळ चालू आहेत. थांबवले की खाज पुन्हा हजर.

धांदरटपणा मात्र वाढलाय. चौकटीला खांदा आपटतो, काउंटरच्या कडेला ठेवलेला चहा हमखास सांडतो. गिऱ्हाईक शेजारी येऊन उभं राहिलं तरी ते खोकेपर्यंत मला पत्ता नसतो. ताई म्हणते, तू लहानपणापासूनच वेंधळी. दिव्यांभोवती रंगीत कडीही दिसतात. शंका नको म्हणून आज तपासणीच्या खोलीतल्या अक्षरांच्या तक्त्यासमोर बसले आणि एकेक डोळा झाकून स्वतःची तपासणी केली. अगदी खालची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली. डोळे ठणठणीत आहेत.

२० जून

मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या रुग्णालयात अर्ज केला होता, तिथून बोलावणं आलं! ताईला सांगितलं. तिने तोंड भरून कौतुक केलं आणि मग घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. नंतर म्हणाली, थेंब वाढवू या, नव्या ठिकाणी लाल डोळे घेऊन जाणार का? खरंच, माझी किती काळजी तिला.

२ जुलै

जुना तक्ता पिवळा पडला होता. आज नवा आला. टांगला आणि गंमत म्हणून खुर्चीत बसून वाचायला घेतला. वरचं मोठं अक्षर वाचलं. मग खाली नुसतं धुकं.

जुना तक्ता मी रोज येईल त्याच्याकडून वाचून घेते. मला तो पाठ आहे. एप्रिलमध्ये मी वाचत नव्हतेच, पाठ म्हणत होते. दुसऱ्यांचे डोळे तपासणारी बाई स्वतःच्या परीक्षेला उत्तरं घोकून बसली! हसू येतंय, पण उद्या काकूंना सांगायला हवं.

३ जुलै

काकूंना सांगितलं. त्यांचं फडकं थांबलं. त्यांनी विचारलं, थेंब घातल्याबरोबर बरं वाटतं का. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मलाही वाटायचं. मीही दुसरीकडे नोकरीला निघाले होते.

पुन्हा काच पुसायला लागल्या.

४ जुलै

ताई बाहेर गेली होती. तिचं कपाट उघडलं. आत लेबलं असलेल्या बाटल्या, शेजारी माझी बिनलेबलाची, त्यांतूनच भरलेली. दुकानातलं भिंग लावून नाव वाचलं. स्टिरॉइड. खाज चुटकीसरशी जाते. पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घातलं तर मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो. आधी कडेचं दिसेनासं होतं. मोतीबिंदू काढता तरी येतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

हे मला ताईनेच शिकवलं होतं.

५ जुलै

विचारलं तिला. तिने नाही म्हणावं, असं फार वाटत होतं. खोटं का होईना. ती माझे केस विंचरत राहिली. म्हणाली, आई गेली, नवरा गेला, आता तूही निघालीस. काकू बघ, जाते का कुठे? तिला काही कमी केलंय का मी?

मग खाज कशाची, विचारलं. म्हणाली, उशीचे अभ्रे मीच बदलते ना, मशीनची थोडी धूळ भुरभुरते त्यांवर.

मारलं असतं तर परवडलं असतं. तिने हे माझं डोकं मांडीवर घेऊन केलं.

६ जुलै

ओळी एकमेकींवर चढताहेत. थेंब बंद. मधलं थोडं उरलंय, नळीतून दिसावं तेवढं. तेवढं तरी वाचवायचं. उद्या सकाळची गाडी — सरळ डॉक्टरांकडे. मागचं दार काकू उघडणार. वचन दिलंय.

७ जुलै

दार बंद. काकूंनी सांगून टाकलं तिला. माझा हात धरून म्हणाल्या, इथे मी एकटीच किती वर्षं — तूही राहा ना —

दोघी. दोघीही.

वर पळून आले. दार लावलं. कडी चाचपून बघितली, लागली आहे. समोर टेबल, भिंत. खोलीत मी एकटी. आधी लिहून ठेवते, मग खिडकीतून ओरडेन — ज्याला हे सापडेल त्याने मला डॉक्टरकडे — अजून थोडं दिसतं मला, अजून थोडं —

पान संपत आलं.

आत्ता पान उलटलं. मी नाही उल