साहेबांचं अक्षर

प्रिय शंकासुरा,

तू, मी, आणि गुरुवारच्या राज्यशास्त्राच्या सेमिनारला खुर्च्या ओढून गोल करून बसणारी आपली सगळी फौज, आपलं गाऱ्हाणं एकच आहे: आपल्याला बोला, बोला म्हणतात आणि ऐकत कुणीच नाही. दोन तास घसा फोडायचा, सरांनी घड्याळाकडे बघत "छान मांडलंस" म्हणायचं, आणि खुर्च्या परत रांगेत लावून घरी जायचं. म्हणून तर आपल्याला इंटर्नशिपचं एवढं वेड. निदान एका ठिकाणी आपला शब्द कामी येईल! येत्या सोमवारी तू माझ्या जागेवर साहेबांच्या कार्यालयात रुजू होणार आहेस. त्याआधी हे वाच. अक्षर कोंबडी नाचल्यासारखं दिसतंय, पण हसू नकोस. डाव्या हाताने लिहिते आहे आणि एवढ्याला तीन दुपारी लागल्या आहेत.

मी इथे आले तेव्हा किती तोऱ्यात होते ते तू बघितलंसच. उत्कृष्ट वक्ता म्हणून सेमिनारच्या भिंतीवर माझा फोटो लागला होता आणि आपल्या भागातून चार वेळा निवडून आलेल्या माणसाच्या कार्यालयात मला टेबल मिळालं होतं. मला वाटलं होतं, साहेबांसमोर बसून वाद घालीन, लोकांची बाजू मांडीन. पहिल्या दिवशी साहेबांच्या सहायकांनी, ज्यांना इथे सगळे काका म्हणतात, माझ्यासमोर दोनशे पानांची कोरी वही ठेवली. सोबत साहेबांच्या हाताचं एक जुनं पत्र होतं. म्हणाले, "आधी हे अक्षर गिरव. लोकांना छापील उत्तर आवडत नाही बघ, हाताचं लागतं. आणि साहेबांचा हात एकच." मी थोडी कुरकुर केली. ते हसले. "अगं, प्रतिनिधी म्हणजे काय ते सेमिनारमध्ये शिकलीस ना? दुसऱ्याच्या वतीने बोलणं. मग हे दुसरं काय आहे?" माझ्यासारख्या तोंडाळ मुलीने वही पुढे ओढली आणि गिरवायला घेतलं! आपलंच हत्यार आपल्याच गळ्याला लागलं होतं.

वहीची चाळीस पानं भरली आणि अक्षर जमलं. काका खूश. "मागच्या मुलाला दोन महिने लागले होते, तुला आठवडा!" मग मी उत्तरं लिहायला लागले. रस्ता खचला, दवाखान्यात डॉक्टर नाही, निवृत्तिवेतन अडलं. प्रत्येकाला एकाच वाक्याने सुरुवात: तुमच्या म्हणण्याची नोंद घेतली आहे. पत्रांचा गठ्ठा संध्याकाळी आतल्या खोलीत जायचा आणि सकाळी सह्या होऊन बाहेर यायचा. साहेब कधी येतात म्हणून विचारलं, तर काका म्हणायचे, "येतात की. तू गेलीस की येतात."

खरं सांगते, मला ते काम आवडायला लागलं होतं. आपण भाषणात जे कधी म्हणत नाही ते साहेबांच्या अक्षरात इतकं सहज उतरायचं. राग नाही, प्रश्न नाही, नुसता दिलासा. एकदा सरांनी सेमिनारसाठी माझ्याकडून निबंध मागवला. मी तावातावाने लिहायला बसले, आणि पहिलं वाक्य कागदावर उतरलं: तुमच्या म्हणण्याची नोंद घेतली आहे. मी ते खोडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. शेवटी नुसती सही तरी करावी म्हणून पेन टेकवलं, तर साहेबांची सही झाली. मग मी माझी स्वतःची सही आठवायचा प्रयत्न केला. शंकासुरा, मला ती आठवेना. माझ्या नावाचं पहिलं अक्षर मी वळवून काढायचे की सरळ?

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. तुला ठाऊकच आहे, आपल्या जिन्यातला दिवा बंद पडला म्हणून तिने हौसेने साहेबांना तक्रार धाडली होती. उत्तर आलं म्हणून ती हरखली होती. "तुझे साहेब फार मायाळू गं! लिहितात, दिवा लागेपर्यंत कठडा धरून उतरा आणि डाव्या गुडघ्याला जपा." मी विचारलं, गुडघ्याचं तू लिहिलं होतंस का? "छे, दिव्याच्या तक्रारीत गुडघा कशाला घालू? तो दुखतो हे तुम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत आहे!" पत्रावरची तारीख तिच्याकडून वाचून घेतली. त्या दिवशी मी तापाने खोलीवर पडून होते. आईची तक्रार मी डोळ्यांनीही बघितली नव्हती. त्या सकाळी उठले तेव्हा उजव्या हाताच्या बोटांना शाई लागलेली होती, हे मात्र मला आठवत होतं. आता ती रोजच असते.

दुसऱ्या दिवशी काका जेवायला बाहेर गेल्यावर मी आतली खोली उघडली. साहेबांच्या खुर्चीवर दुकानातून येतं ते प्लॅस्टिक तसंच होतं, पिवळं पडलेलं. टेबलावर आमच्या सरावाच्या वह्या रचून ठेवल्या होत्या, दर वर्षीच्या मुलाची एक. सगळ्यात वर माझी. मी चाळीसच पानं लिहिली होती गं. वही शेवटच्या पानापर्यंत भरली होती, आणि शेवटच्या ओळीला बोट लावलं तर ते निळं झालं. सगळ्यात खालच्या, झिजलेल्या वहीवर काकांचं नाव होतं. तेव्हा कुठे लक्षात आलं. सेमिनारच्या भिंतीवरचा पहिला फोटो, भाषणाच्या भरात मूठ उगारलेला तो कृश मुलगा, ते काका आहेत. परत आल्यावर मी त्यांना विचारलं, काका, त्या फोटोच्या दिवशी तुम्ही कशावर बोलला होतात? काकांनी मान वर केली. ओठ हलले. मग अगदी सौम्यपणे म्हणाले, "तुमच्या म्हणण्याची नोंद घेतली आहे."

लोकांनी चार वेळा कुणाला निवडून दिलं, मला ठाऊक नाही. पण ती खुर्ची रिकामी आहे आणि रिकामी असूनही लिहिते, एवढं मी शपथेवर सांगीन. तिला हात लागतात. चांगला बोलणारा, पेटलेला, लोकांसाठी तळमळणारा हात. मुर्दाड माणसाच्या हाताचा तिला काय उपयोग?

आता ज्यासाठी हे खरडलं ते सांगते; फोनवर सांगायला गेले तर माझ्या तोंडूनही तेच वाक्य निघतं. तुझ्या निवडीचं पत्र आलं तेव्हा तू मला ते फोनवर वाचून दाखवलंस. 'या मुलीला विचार करताना पेन्सिल चावायची सवय आहे आणि तिच्या शंका कुणालाही निरुत्तर करतील, अशा आवाजाची इथे गरज आहे.' तू लाजलीस. साहेबांना तुझ्या पेन्सिलीचं कसं कळलं, हे तुझ्यासारख्या शंकेखोर मुलीनेही विचारलं नाही. ते पत्र मी लिहिलेलं नाही. ते माझ्या हाताने लिहिलं आहे. यानंतर माझ्या नावाने सुबक अक्षरातलं दुसरं पत्र येईल, जा, घाबरू नकोस, मला बरं नव्हतं म्हणून काहीबाही लिहिलं, असं सांगणारं. त्यावर विश्वास ठेवू नकोस. लिहून नकार कळवू नकोस, कागदावर काही देऊच नकोस. गुरुवारी सेमिनारमध्ये सगळ्यांनी खुर्च्या गोल केल्या की उभी राहा, आणि सरांसमोर, त्या फोटोंसमोर, स्वतःच्या तोंडाने मोठ्याने म्हण: मी जाणार नाही.

तुझीच,
ताई

(सही करत नाही.)