पन्हाळ्याच्या उतारावरची पळपुटी झाडं

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९.
वॉकिंग ग्रुपमध्ये सहज म्हणालो, रस्त्याकडेचा हा केशरी कॉसमॉस रानातला नाही, कुणाच्या तरी बागेतून पळालाय. ग्रुपचा अध्यक्ष अमरसिंह म्हणाला, यज्ञेश्वर, तुला लई कळतंय की! बरं वाटलं. पस्तीस वर्षं हेडक्लार्क होतो, असं कुणी म्हणालं नव्हतं.

दुपारी १.
अमरसिंहने पुढच्या रविवारी पन्हाळ्याची बस ठरवली. बागेतून रानात गेलेली झाडं ओळखायची. मार्गदर्शक मी. तूर्त मला एकच झाड येतं, पण रोज पाच शिकलो तरी शनिवारपर्यंत तीस होतील. किरकोळ काम.

२९ सप्टेंबर.
झाडं ओळखणारं अॅप घेतलं. घाणेरी बरोबर सांगितली. तीही म्हणे पूर्वी बागेसाठीच आणलेली. झाली दोन! नंतर दारातल्या जास्वंदीला कापूस म्हणालं. कॅमेऱ्याची काच पुसायला हवी.

३० सप्टेंबर.
काच पुसली. अजून कापूसच.

१ ऑक्टोबर.
खंडेनवमी. आज पुस्तक उघडत नसतात.

२ ऑक्टोबर, दसरा.
अमरसिंह सोनं द्यायला आला. म्हणाला, बससाठी सत्तेचाळीस जणांची नावं आलीत. त्याला खरं सांगून टाकणार होतो. तेवढ्यात त्याने माझ्या सत्कारासाठी आणलेली शाल दाखवली. शाल चांगली आहे म्हणालो.

३ ऑक्टोबर.
घसा बसलाय, असा अमरसिंहला निरोप दिला. अर्ध्या तासात त्याने तरुण मंडळाचा माइक आणून दिला. अस्मिता म्हणाली, नाही म्हणायला काय होतं हो तुम्हाला? बायकोला पब्लिक लाइफ कळत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार.
जालीम उपाय सापडला. एसटीने एकटाच पन्हाळ्याला गेलो. अॅपला विचारून उतारावरच्या अकरा झुडपांना लाल दोरा बांधला, क्रमाने नावं वहीत लिहिली. उद्या दोरा बघायचा, वहीत बघायचं, बोलायचं. गवत कापणाऱ्या बयाबाईंनी विचारलं, पावणं, नवस काय बोलला? शास्त्रीय बाब आहे म्हणालो. व्हय व्हय, म्हणाल्या आणि झुडपाला हात जोडले. साधी माणसं.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६.
सत्कारानंतर काय बोलायचं, तेही लिहून ठेवलंय.

दुपारी ३.
उतारावर एकही झुडूप बिनदोऱ्याचं नव्हतं. घाणेरीला हळदकुंकू, पुढ्यात नारळ. कालपासून वाडीतल्या बायकांची रीघ लागली होती म्हणे. माझी अकरा झुडपं कुठली, देव जाणे. सत्तेचाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मागे दरड, पुढे ग्रुप. माइकमध्ये म्हणालो, हे पहिलं झाड. पुन्हा म्हणालो, हे पहिलं झाड. पळून जावंसं वाटलं.
शेवटी गवताचा भारा खाली टाकून बयाबाईच पुढे झाल्या. ही आमची रानातली. ही बंगल्यातनं उतरली, मीच तिथं पाणी घालत हुते. एकामागून एक तीस-बत्तीस झाडं सांगितली. सगळे त्यांच्यामागे गेले. शालही त्यांना मिळाली.

रात्री ८.
बसमध्ये अमरसिंह शेजारी येऊन बसला. म्हणाला, तुला काय येत न्हाय हे समद्यांना म्हाईत हुतं की. पन्हाळ्यावर जाऊन झुणका-भाकरी खायला निमित्त पायजे हुतं. आठवडाभर मला झोप नाही आणि हे भाकरीसाठी आले होते.
पुढच्या रविवारी राधानगरी. बयाबाई सांगणार, मी त्यांच्यापुढे माइक धरायचा. नाहीच म्हणणार होतो. पण माइक वजनाला जड आहे, दुसऱ्या कुणाला जमणार नाही.