उभ्यानं खाल्लेल्या कण्या

आई, तुला न विचारता मी एक गोष्ट बोलून बसलोय, आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तुझे आजोबा स्कॉटलंडहून रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून आले होते, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कुणी नव्हतं. शाळेतली पोरं मला 'साहेबाचं पिल्लू' म्हणाली, तेव्हा घरी येऊन मी विचारलं, "आपण साहेब आहोत का गं?" तू चुलीपुढून उठलीस आणि थोबाडीत दिलीस. "पुन्हा हे तोंडातून काढायचं नाही." मग जवळ घेऊन स्वतःच रडलीस. मी ते पाळलं. नॉटिंगहॅमला बसच्या गॅरेजमध्ये जन्म गेला, शेजारी स्कॉटिश माणसं कामाला होती, त्यांनाही कधी बोललो नाही.

पण नातीला तुझ्या ट्रंकेत आजोबांचा कामाचा कागद सापडला, त्यावर त्यांच्या गावाचं नाव. इंटरनेटवर शोधून तिनं त्यांच्या भावाची पणती गाठली, आणि आम्ही दोघं तिच्याकडे निघालो. ट्रेनमध्ये मी चारदा तिकिटं तपासली. "आजोबा, रिलॅक्स! ती काय तुम्हाला खाणार नाही," नात म्हणाली.

म्हातारी माझ्याच वयाची निघाली. सकाळी तिनं ओट शिजवले, साखर नाही, नुसतं मीठ, आणि वाडगा घेऊन खिडकीशी उभी राहून खाऊ लागली. माझा चमचा हातातच राहिला. तू कण्या अश्शाच खायचीस, उंबऱ्याशी उभी राहून. आजी ओरडायची, "बसून खा गं, घोडी आहेस का?" आणि तू म्हणायचीस, "माझ्या माहेरी असंच खातात." मी म्हातारीला विचारलं, उभ्यानं का? म्हणाली, "बसलं की आमचे वडील रागवायचे."

मग तिनं घराण्याचा मोठा कागद पसरला. तुझ्या आजोबांच्या नावाखाली 'इंडियाला गेला' एवढंच, पुढे कोरं. "आजोबा, पणजीचं नाव सांगा ना," नात म्हणाली, "नाहीतर ती तिथे नाहीच." मी सांगितलं. तुझं, तुझ्या आईचं, तुझ्या आजीचं. तुझ्या आजीच्या नावाशी पेन थांबवून म्हातारीनं हळूच विचारलं, "त्या दोघांचं लग्न झालं होतं ना?"

मी हो म्हणालो. वर 'चर्चमध्ये' असंही म्हणालो. तिनं पट्टी लावून तुझ्या आजोबा-आजीच्या नावांमध्ये रेघ ओढली.

हे पत्र तुझ्या ट्रंकेतच ठेवतोय, त्या कागदाखाली. लग्न झालं होतं की नाही, मला ठाऊक नाही, आई. थोबाडीत द्यायला तू नाहीस, म्हणून एवढा धीर झाला.