माझा केसपेपर

३ तारीख, सोमवार

आले एकदाची. वीस खाटांचं रुग्णालय, मागे माझी खोली, खिडकीतून भरपूर उजेड. वॉर्डाच्या मुख्य सिस्टरना सगळे हेडबाई म्हणतात. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, नवे डॉक्टर कधी येणार. मीच ती, म्हटल्यावर खुर्ची पुढे सरकवली. मोठ्या डॉक्टरांनी मात्र बजावलं, त्यांच्या सहीशिवाय एकही रुग्ण दुसरीकडे पाठवायचा नाही.

९ तारीख, रविवार

कालपासून उजव्या बरगडीखाली दुखतंय. दुपारी अशी हुडहुडी भरली की लोखंडी खाट खडखडायला लागली. ताप १०३. मोठे डॉक्टर म्हणाले, दगदग झालीय, घरची आठवण येत असेल. मी म्हटलं, घरची आठवण आली की मला भूक लागते, ताप येत नाही.

१० तारीख, सोमवार, सकाळ

आरसा खिडकीशी धरला. डोळे पिवळेधमक. लघवी काळ्या चहासारखी. आडवी होऊन स्वतःचं पोट चाचपलं. बाकी मऊ, पण उजवीकडे बरगडीखाली बोटं दाबताच डोळ्यांपुढे काजवे चमकले. ताप, कावीळ, दुखणं. तिन्ही एकदम, म्हणजे पित्तनलिका तुंबलीय आणि आत संसर्ग झालाय. ती आजच मोकळी करायला हवी, आणि ते इथे होत नाही. मोठे डॉक्टर हसले. नवशिक्यांना पुस्तकातला प्रत्येक रोग होतो म्हणे. सही दिली नाही.

मग मी माझाच केसपेपर काढला. रुग्ण मी, डॉक्टरही मी.

दुपार

नाडी १२८. वरचा रक्तदाब ८४. हे चौथं लक्षण. हेडबाईंनी पट्टा दोनदा बांधला आणि आकडा मोठ्या डॉक्टरांच्या दारात जाऊन खणखणीत वाचला. ते म्हणाले, यंत्र बिघडलंय. हेडबाईंनी तोच पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. १३० भरला.

सलाईन, इंजेक्शन सुरू. जिल्हा रुग्णालयाची गाडी मी बोलावली. सही माझी.

जरा वेळाने

पाचवं लक्षण भ्रम. ते यायच्या आत लिहून — हेडबाईंनी वार विचारला. सोमवार. पुन्हा विचारला. मी सांगितला, आणि त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे धरलं —

समोर खुर्चीत बाई बसलीय. पिवळी. माझा स्टेथोस्कोप तिच्या — नाही. खुर्ची रिकामी आहे. भ्रम. पाचवं. लिहिलं.

गाडी आली. मोठे डॉक्टर दारात आडवे. हेडबाईंनी त्यांना बाजूला —

कागद मुठीत आहे. सोडणार नाही. तिथल्या डॉक्टरांनो, वाचा आणि नळी उघडा. स्त्री, वय सत्तावीस. ताप, कावीळ, उजवीकडे दुखरं, दाब पडलेला. नाव —

नाव —