सतरा नंबरचं घर

सातारा, ६ एप्रिल २०२५

ती. गुणमालाअक्कास,
सा. न. जयजिनेंद्र.

दिवाळीनंतर पत्र नाही, माफ कर. फोनवर तुला ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही लिहिलं नाही. तुमच्या कॉलनीतल्या वीजवापराची तपासणी माझ्याकडे होती. चाळीसपैकी एकोणचाळीस घरांत आत जाऊन पंखे, फ्रीज, गिझर मोजले. तुझ्या सतरा नंबरला मात्र फाटकाजवळचा मीटर वाचून निघालो. सख्ख्या बहिणीला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको. आता यादी कॉलनीच्या सूचनाफलकावर लागली आहे. सर्वांत जास्त वीज तुमची, म्हणून लाल खूण. जुना फ्रीज असेल तर काढ. भूपालदाजींना म्हणावं, दिवसभर क्रिकेट पुरे.

तुझा धाकटा,
आर्जव

सांगली, १३ एप्रिल

चि. आर्जव यास अ. उ. आ.

पत्र पोचलं. पाणीबी न पिता गेलास, ते खिडकीतनं बघितलं. लय मोठा सायेब झालास व्हय रं? शेजारची धोंडुबाई यादीपुढं हसत म्हणाली, भाऊ तपासणारा आन् भैन लाल खुणेत. फ्रीज नवाच हाय, टीव्ही कवाच बिघडलाय. दिवाळीपासनं ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन तेवढं चालतंय. डॉक्टर म्हणाले, रात्रंदिवस चालू ठेवा. तुला घोर नको म्हणून कळवलं न्हाई. यादी लागल्यापासनं दुपारभर बंद ठेवतो. हेच म्हणाले, मेव्हण्याची मान खाली जायला नको. नखं जरा निळी पडत्यात, पण मीटरवरला दिवा आता सावकाश लुकलुकतोय. पुढच्या यादीत आमी हिरव्यात. जेवत जा वेळेवर.

अक्का

सातारा, १७ एप्रिल

ती. अक्का,
सा. न.

पत्र वाचताच धोंडुबाईंना फोन केला. त्यांनी धावत जाऊन मशीन लावलं. दाजी भिंतीला टेकून धापा टाकत होते, तासाभरानं बोलले, असं त्या रडत सांगत होत्या. यादी मी लगेच उतरवायला लावली.

मीटर किती वीज गेली ते सांगतो, कशापायी ते सांगत नाही. एकोणचाळीस घरांत मीच हे समजावून सांगितलं. तुझा उंबरा टाळला तो न्याय म्हणून, की स्वतःच्या नावाला जपण्यासाठी? बहुतेक नावासाठीच. 

हे पोस्टात टाकत नाही, तुझ्या हातात देईन. समोर बोलायला जमेलच असं नाही. रागव, पण माया आटू देऊ नकोस.

आर्जव

उद्याचं काम: पहिल्या एसटीनं सांगली. सतरा नंबरच्या घरात आत जाणं.