पुतळ्याचा उजवा हात

३ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आईचे गुडघे सोडले तर इकडे सगळं क्षेम.

चौकातला साहेबाचा पुतळा काढायचं एकदाचं ठरलं. वितळवायचा की गोदामात ठेवायचा, यावर १४ तारखेला सभा आहे. अर्धं गाव अजून म्हणतं, नळाचं पाणी त्यानेच आणलं. उरलेलं अर्धं, त्याने गिरणीच्या दारात करवलेला गोळीबार विसरत नाही. वितळवून गटाराची झाकणं करा, असं तू मागे लिहिलंस, तेव्हा मीही मान डोलावली होती.

पण काल आईने तोंड उघडलं. मूर्तिकाराने चेहरा फोटोवरून केला, अंगासाठी मात्र एक सुतार उभा केला. ते आपले बाबा. गोळीबार पुढे झाला, आणि बाबांनी हे कुणाला सांगू नकोस म्हणून तिला बजावलं. बाजारातून येताना ती पुतळ्यापाशी का थांबते, ते आता कळलं. शिंपीणकाकूंचे यजमान त्या गोळीबारात गेले. आई साहेबाला मानते असं समजून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं, तरी ही गप्पच.

बाबांचा एकही फोटो नाही. ते हात तेवढे आहेत. काय करू?
तुझी,
ताई

९ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र खिशात घालून वर्गावर गेलो आणि फळ्यावर भलतंच गणित लिहून आलो. पोरं खूश.

बाबा गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. ते हात मला हवेत, अगदी हट्टाने हवेत. पण काकूंसमोर कुठल्या तोंडाने मागणार? त्यांनी नको म्हटलं तर शब्द वाढवू नकोस. त्यांचं जे माणूस गेलं, त्याची जागाही फोटोने भरत नाही.
आईला शिरसाष्टांग. माझ्यावर माया असू दे.
धाकटा

१७ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. मी मागायच्या आत सभेत आईच उठली आणि तिने सगळं सांगून टाकलं. मग शिंपीणकाकू उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, साहेब खुशाल वितळवा, पण सुताराच्या हाताने कुणावर गोळी झाडली नाही, तो कापून हिला द्या. सभेने तसंच ठरवलं.

काल उजवा हात घरी आला. बाबा डावखुरे, त्यांचा हातोडी बसून वाकडा झालेला अंगठा मूर्तिकाराने तसाच ठेवलाय. हात ओट्यावर ठेवायला काकूच पुढे झाल्या, किती वर्षांनी आपल्याकडे चहा प्यायल्या, आणि साखर कमी म्हणून मला बोलल्यासुद्धा. त्यांचे उपकार कुठल्या जन्मी फेडू, सांग.

सुट्टी लागली की ये. आई म्हणते, बापाचा हात धरून चालायचं तुझं राहूनच गेलं. चालणं आता व्हायचं नाही, पण धरून बघ.
वाट पाहणारी,
ताई